शनिवारवाडा पाहताना

मित्रांनो, 'ध' चा 'मा' करणे हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेल. कोणाच्या लिहिण्यात किंवा बोलण्यात लहानसा बदल करून सगळा अर्थच फिरवणे, असा त्याचा अर्थ आहे. माझी भाची उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकते. एका संध्याकाळी ती मराठीचे पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मामू, अर्थ पाठ झाला. पण 'ध' आणि 'मा' हीच अक्षरे का? दुसरी का नाहीत?"

मी शिक्षक आहे. उत्तर मला दोन मिनिटांत सांगता आले असते. पण मनात आले, ज्या ठिकाणी ही गोष्ट घडली, ते ठिकाणच तिला दाखवावे. मी म्हणालो, "रविवारी आपण पुण्याला जाऊ. उत्तर तिथेच सांगेन."

आम्ही नाहूरला राहतो. भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये हे लहानसे स्थानक आहे. रविवारी पहाटे आम्ही लोकलने कल्याण गाठले आणि तिथून पुण्याची गाडी धरली. कर्जत सुटल्यावर घाट लागला. भाची खिडकीशी बसून बोगदे मोजू लागली. "मामू, हा किती मोठा होता!" असे ती दर वेळी म्हणे, आणि मी नुसतीच मान हलवत असे. माझे लक्ष तिच्या बोगद्यांकडे नव्हते. मनावर एक ओझे होते. ते कशाचे, हे मी तुम्हांला पुढे सांगणारच आहे.

पुण्याला उतरून आम्ही रिक्षाने शनिवारवाड्यासमोर आलो. समोरच्या पटांगणात घोड्यावर बसलेल्या पहिल्या बाजीराव पेशव्यांचा पुतळा आहे. त्यामागे उंच दगडी तट, भक्कम बुरूज आणि भला मोठा दिल्ली दरवाजा. दरवाज्यावर लांब, अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. शत्रूच्या हत्तीने धडक मारून दार फोडू नये, म्हणून ही योजना असे. दरवाज्याच्या वर लाकडी नगारखाना आहे.

"नगारखाना! हा तर आपलाच शब्द," भाची आनंदाने म्हणाली.

खरोखर, मित्रांनो, या वाड्यात हिंडताना तुम्हांला परके वाटणार नाही. दरवाजा, खिडकी दरवाजा, हजारी कारंजे, दिवाणखाना, दरबार असे किती तरी शब्द तुमच्या ओळखीचे निघतील. 'पेशवा' हा शब्दही फारसीतूनच आला आहे. पेशवा म्हणजे पुढे असणारा, पुढारी. मराठ्यांचे राजे छत्रपती. त्यांची गादी साताऱ्याला होती. पेशवे हे त्यांचे मुख्य प्रधान. पण पुढे राज्याचा सगळा कारभार पेशव्यांच्या हाती आला आणि त्यांचा हा वाडा राजवाड्यासारखाच झाला.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याची पायाभरणी केली. दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ रोजी, वास्तुशांत झाली. हे दोन्ही दिवस शनिवारचे होते. वाड्याला तेव्हा १६,११० रुपये खर्च आला असे सांगतात. पुढच्या पेशव्यांनी त्यात दिवाणखाने, महाल, चौक आणि बागा वाढवल्या. इथूनच फौजा उत्तरेकडे निघत आणि इथेच विजयाची वार्ता येई.

आम्ही तिकीट काढून आत गेलो आणि भाची एकदम थांबली. "मामू, वाडा कुठे आहे?"

तिचे आश्चर्य खरे होते. आत वाडा नाही. हिरवळ आहे, झाडे आहेत, आणि जागोजागी उंच दगडी जोती आहेत. ज्या जोत्यांवर महाल उभे होते, त्यांवर आता सहलीला आलेली मुले बसून डबे खात होती. आम्हीही एका जोत्यावर सावलीत बसलो. मग मी तिला ती गोष्ट सांगितली. ती तुम्हीही ऐका.

नानासाहेब पेशव्यांना तीन मुलगे होते. थोरला विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या लढाईत मारला गेला. मधले माधवराव मोठे कर्तबगार पेशवे झाले, पण क्षयाच्या आजाराने १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांचे निधन झाले. मग धाकट्या नारायणरावांना पेशवेपद मिळाले. त्यांचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते.

नारायणरावांचे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, हे शूर सेनापती होते. त्यांच्या फौजा १७५८ साली लाहोरपर्यंत पोहोचल्या होत्या. पेशवेपद आपल्याला मिळावे, असे त्यांना फार वाटत असे. काका-पुतण्यांत तेढ वाढली आणि नारायणरावांनी काकांना याच वाड्यात नजरकैदेत ठेवले. वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी नावाचे पगारी शिपाई होते. त्यांचा पगार थकलेला होता आणि ते चिडलेले होते. या रागाचा फायदा घेऊन कट रचला गेला.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस होते. दुपारच्या वेळी गारदी हत्यारे घेऊन वाड्यात घुसले. सुमेरसिंग हा त्यांचा एक म्होरक्या होता. नारायणराव जीव वाचवण्यासाठी धावत काकांच्या दालनात गेले आणि त्यांनी काकांना मिठी मारली. "काका, मला वाचवा!" अशी त्यांनी आरोळी ठोकली, असे सांगतात. पण काकांच्या डोळ्यांदेखत त्यांना ठार मारण्यात आले. चापाजी टिळेकर नावाचा सेवक आपल्या धन्याच्या अंगावर आडवा पडला, त्यालाही मारले. नारायणरावांनी नुकतेच अठरा वर्षे पुरी केली होती. वाड्याच्या एका दरवाज्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात. त्यांचा देह त्या दरवाज्यातून बाहेर नेला होता.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हळूच विचारले, "आणि 'ध'? आणि 'मा'?"

लोक अशी गोष्ट सांगतात, की राघोबादादांनी गारद्यांना चिठ्ठी लिहिली होती, 'नारायणरावांना धरावे.' धरावे म्हणजे पकडावे. ती चिठ्ठी त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या हाती आली. त्यांनी 'ध' खोडून त्या जागी 'मा' लिहिले. 'धरावे' चे 'मारावे' झाले! एक अक्षर बदलले आणि एका तरुणाचा जीव गेला.

मित्रांनो, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण अशी चिठ्ठी कोणा इतिहासकाराला सापडलेली नाही. मग सगळा दोष एका अक्षरावर आणि एका बाईवर टाकणे बरोबर होईल का? हा प्रश्न मी भाचीलाही विचारला. ती म्हणाली, "नाही मामू. पुतण्याने मिठी मारली, तेव्हा काकांना सगळे दिसत होते. त्यांनी वाचवायला हवे होते."

आणखी एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. गारदी ही काही जात नाही की धर्म नाही. कवायत शिकलेल्या पगारी शिपायांचे ते नाव आहे. त्यांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. कटात तर पेशव्यांच्या कारभारातली माणसेही सामील होती. याच नावाचा आणखी एक सरदार इतिहासात आहे, इब्राहीमखान गारदी. पानिपतावर तो मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख होता. तो शेवटपर्यंत इमानाने लढला आणि त्यासाठी त्याने प्राण दिले. एका नावाची माणसे एकसारखी नसतात.

खुनानंतर राघोबादादा पेशवे झाले. आता त्यांना कोण जाब विचारणार? सत्ता त्यांची, फौज त्यांची, खजिना त्यांचा. मोठमोठे सरदार आणि मुत्सद्दी मनातले मनात ठेवून मुजरे करत होते. अशा वेळी एक माणूस उभा राहिला. त्याच्या हाती तलवार नव्हती. तो होता पेशव्यांच्या दरबारातला न्यायाधीश, रामशास्त्री प्रभुणे.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी त्यांचे शिक्षण झाले नव्हते. मोठे झाल्यावर ते काशीला गेले, शास्त्रे शिकले आणि पुढे पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. नारायणरावांच्या खुनाची चौकशी त्यांनी केली. पुरावा पाहिला, माणसे तपासली आणि निर्णय दिला, की या अपराधात खुद्द राघोबादादा दोषी आहेत. या पापाला प्रायश्चित्त काय, असे विचारल्यावर 'देहान्त' असे उत्तर त्यांनी दिले, असे सांगतात. देहान्त म्हणजे मृत्यू. मग ते पद सोडून पुण्याबाहेर निघून गेले. अशा राज्यात काम करणे त्यांना मान्य नव्हते. पुढे कारभार बदलला, तेव्हा त्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले.

"मामू, त्यांना भीती नाही वाटली?" भाचीने विचारले.

"वाटली असेल," मी म्हणालो. "पण बोलायचे ते ते बोलले."

हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि माझा चेहरा उतरला. आता मनावरच्या त्या ओझ्याबद्दल सांगतो.

आदल्या महिन्यात आमच्या इमारतीतील पाण्याच्या पंपाची मोटार चोरीला गेली. रहिवाशांची सभा भरली. संशय आमच्या म्हाताऱ्या रखवालदारावर गेला. "रात्री तूच होतास ना? मग मोटार गेली कुठे?" असे जो तो विचारू लागला. बिचारा हात जोडून सांगत होता, की मी पाणी प्यायला गेलो होतो, मला काही माहीत नाही. त्याला कामावरून काढून टाकण्याचे ठरले. मित्रांनो, त्या रात्री एका लग्नाहून मी उशिरा परतलो होतो. इमारतीतील एका वजनदार गृहस्थांचा नातेवाईक दोन माणसांच्या मदतीने ती मोटार टेम्पोत चढवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. दुरुस्तीला नेत असतील, असे मला तेव्हा वाटले. सभेत सारा प्रकार माझ्या ध्यानात आला. पण मी गप्प बसलो. त्या गृहस्थांचे माझ्यावर उपकार होते. माझी आई आजारी पडली, तेव्हा मध्यरात्री त्यांनीच गाडी काढून तिला दवाखान्यात नेले होते. त्यांचे मन कसे दुखवायचे, असे मी स्वतःला समजावले.

रामशास्त्रीही पेशव्यांचेच मीठ खात होते. हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते. त्या जोत्यावर बसल्यावर ते मला पहिल्यांदा कळले.

आम्ही उठून हजारी कारंजे पाहायला गेलो. सोळा पाकळ्यांच्या कमळासारखे ते सुंदर कारंजे आहे. ते बाल पेशवे सवाई माधवराव यांच्यासाठी बांधले, असे सांगतात. नारायणरावांचा खून झाला, तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर तिला मुलगा झाला. नाना फडणवीस, सखारामबापू आणि इतर कारभारी एकत्र आले. त्यांना बारभाई म्हणतात. त्यांनी त्या तान्ह्या बाळाला पेशवा केले आणि राघोबादादांविरुद्ध उभे राहिले. दादा पळाले आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेले.

"इतके सगळे पुण्यात घडले," भाची म्हणाली, "आपल्या नाहूरला त्याचे काही नाही ना?"

मी म्हणालो, "आहे तर! ऐक."

मुंबईच्या उत्तरेला साष्टी नावाचे बेट आहे. घाटकोपर, भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणे ही सगळी गावे त्याच साष्टीतली. पूर्वी तिथे पोर्तुगिजांचे राज्य होते. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली. मुंबईच्या इंग्रजांचा तिच्यावर कधीपासून डोळा होता. पुण्यात खून झाला, घर फुटले आणि इंग्रजांना संधी मिळाली. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला केला आणि किल्ल्याबरोबर साष्टी घेतली. पाठोपाठ ६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. पेशवेपद मिळवून द्या, त्याच्या बदल्यात साष्टी आणि वसई घ्या, असे त्यांनी लिहून दिले. त्यातून मराठे आणि इंग्रज यांचे पहिले युद्ध पेटले. ते कित्येक वर्षे चालले. १७८२ साली सालबाईच्या तहाने युद्ध थांबले, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. दादांना मात्र पेशवेपद मिळाले नाही. १७८३ साली ते वारले.

जरा विचार करा, मित्रांनो. नाहूरच्या ज्या शेतकऱ्याने पुण्याचा वाडा कधी पाहिलाही नसेल, त्याच्या गावाचा धनी त्या वाड्यातल्या भांडणामुळे बदलला. ठाण्याच्या त्या किल्ल्यात इंग्रजांनी पुढे तुरुंग केला. तो आजही तिथे आहे, आमच्या स्थानकापासून फक्त दोन स्थानके पुढे. वाड्यातले गुन्हे वाड्यातच राहत नाहीत. त्यांची झळ दूरच्या माणसांनाही लागते.

वाड्यालाही पुढे सुख लाभले नाही. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये याच वाड्यात उंचावरून पडले आणि दोन दिवसांनी गेले. ते अवघे एकवीस वर्षांचे होते. मग राघोबादादांचे चिरंजीव दुसरे बाजीराव पेशवे झाले. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि १८१८ साली पेशवाई संपली. फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्याला मोठी आग लागली. ती सात दिवस धुमसत होती असे म्हणतात. महाल, दिवाणखाने, नक्षीचे खांब सारे जळाले. उरली ती जोती, तट आणि दरवाजे.

बाहेर पडताना एक फुगेवाला भाचीला म्हणाला, "बेटी, पौर्णिमेच्या रात्री इथे अजून आवाज येतो, 'काका, मला वाचवा!'" भाचीने माझा हात घट्ट धरला. मी हसलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण मदतीची हाक कानावर आली असतानाही जो ऐकत नाही, त्याच्या कानात ती पुष्कळ दिवस घुमत राहते, एवढे मात्र मला ठाऊक होते.

परतीच्या गाडीत भाचीने वही काढली आणि 'मी पाहिलेला शनिवारवाडा' असा निबंध लिहायला घेतला. लोणावळा येईपर्यंत तिचे एक पान भरले. मी वही हातात घेतली. तिने लिहिले होते, 'नारायणराव म्हणाले, काका, मला वाचा!'

मला हसू आवरेना. "अगं, 'वाचा' म्हणजे पढो! काकांनी काय नारायणरावांना पुस्तकासारखे वाचायचे होते? 'वाचवा' म्हणजे बचाओ."

तीही खूप हसली. मग 'व' लिहिता लिहिता थांबून म्हणाली, "मामू, मीही एक अक्षर चुकवले, आणि जीव वाचवण्याचे राहूनच गेले!"

"तुझी चूक दुरुस्त होण्यासारखी आहे," मी म्हणालो. "वेळेवर लक्षात आली, की झाले."

ती पुन्हा लिहू लागली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कोणी एक अक्षर बदलून खोटे करतो, कोणी खरे बोलायचे असताना मुळीच बोलत नाही. मी सभेत एक अक्षरही बदलले नव्हते. तरीही एक निरपराध माणूस चोर ठरला होता.

दुसऱ्याच दिवशी मी इमारतीच्या कमिटीला पत्र लिहिले आणि पाहिलेली हकीकत सांगितली. ते सोपे गेले, असे मी म्हणणार नाही. पत्र देताना माझा हात थरथरत होता. सभा पुन्हा भरली. सगळ्यांसमोर मी उभा राहून बोललो. सुरुवातीला आरडाओरडा झाला. पण टेम्पो पाहिलेला आणखी एक माणूस निघाला. तोही इतके दिवस गप्प होता. अखेर रखवालदाराची माफी मागण्याचे आणि त्याचा राहिलेला पगार देण्याचे ठरले.

तो पगार द्यायला मीच गेलो. तोपर्यंत त्याने मुलुंडला दुसरीकडे काम धरले होते. परत यायला तो तयार झाला नाही. पैसे मोजून खिशात ठेवत तो म्हणाला, "मास्तर, काम काय, मिळतंच. पण चोर हे नाव गेलं, ते लई बरं झालं. गावाकडं आता तोंड दाखवता येईल." मी महिनाभर का थांबलो, हे त्याने विचारले नाही. विचारले असते, तर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते वजनदार गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. जिन्यात भेटले, की मान फिरवतात. त्याचे मला वाईट वाटते. आईसाठी त्यांनी गाडी काढली होती, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पण ते ऋण फेडण्याचा मार्ग दुसऱ्याच्या अब्रूवरून जात नव्हता.

मित्रांनो, पुण्याला गेलात, तर शनिवारवाडा जरूर पाहा. दिल्ली दरवाजा पाहा, हजारी कारंजे पाहा. मग नारायण दरवाज्याजवळ थोडा वेळ उभे राहा. ज्यांनी सत्तेसाठी इथे रक्त सांडले, त्यांचे महाल राहिले नाहीत. ज्याने खरे सांगितले, त्याचा तर इथे महालही नव्हता. पण अडीचशे वर्षांनंतर माझ्या भाचीने निबंधाच्या शेवटी ज्याचे नाव लिहिले, ते रामशास्त्र्यांचेच. आणि ते तिने अगदी शुद्ध लिहिले होते.